मारवाडच्या वाटेवरचं पाणी

तुम्ही विचारता ना, आमच्या आईचं सोवळं कसं सुटलं, तर ते मारवाडच्या वाळवंटात जायच्या बेतात सुटलं, आणि तेही इथेच, कल्याणात.

आप्पा रेल्वेच्या मोजणीवर गेले ते तिकडेच वारले. ऊन लागलं, एवढंच आम्हाला कळलं होतं. जिथे ते गेले तिथेच त्यांचं श्राद्ध करायचं, असा आईचा हट्ट. म्हणून मोजणीवर त्यांच्याबरोबर असलेले सखारामकाका वाट सांगायला आले. आगगाडी संपली की पुढे उंट, मुक्कामाला राहुटी, सगळं त्यांनी नीट सांगितलं.

मी विचारलं, "आणि पाणी?"

"कातड्याच्या पखालीतलं. दुसरं मिळतच नाही."

आई माजघराच्या दारात बसून ऐकत होती. चामड्याला लागलेलं पाणी ती आंघोळीलाही घेत नसे. तांब्याची घागर तिने आधीच सामानात बांधून ठेवली होती.

"एक घागर किती पुरणार, वहिनी?" काका म्हणाले.

आईने विचारलं, "ह्यांनी काय केलं होतं?"

काका खाली बघतच म्हणाले,

"घागरीतलं संपलं, तरी त्यांनी पखालीचं घेतलं नाही. आम्ही पाया पडलो त्यांच्या."

आई उठली. सामानाची दोरी सोडून तिने घागर काढली आणि आत जागेवर ठेवून आली.

"भावजी, एक पखाल आणून द्या," ती म्हणाली. "निघेपर्यंत मला त्या पाण्याची सवय करायला हवी."