सासूबाईंचं मलम लॅबमध्ये गेलं तेव्हा

तुम्ही पोरांच्या परीक्षांचं काय घेऊन बसलात, आमच्या सासूबाईंचं मलम परीक्षेला बसलं होतं. निर्मळ गावी त्या केळीचा चीक, गूळ आणि तूप घोटून नायट्यावर मलम करतात, आणि ते विरारच्या माझ्या दुकानात विकणं हा जावयाचा धर्म. आमच्या इमारतीतली श्रद्धा लॅबमध्ये नायटा करणाऱ्या बुरशीवरची नवी औषधं शोधायची चाचणी बसवतेय. बशीत बुरशी वाढवायची, वर औषधाचा ठिपका द्यायचा. औषध लागू पडलं तर भोवतीची बुरशी मरून स्वच्छ कडं पडतं. म्हटलं, आपलं मलम पास झालं तर डबीवर छापू. दिली एक डबी.

आठवड्याने ती आली. "काका, कडं नाही पडलं."

"थोडंसं तरी?"

"उलट मलमाभोवतीच बुरशी सगळ्यात दाट आलीय. गूळ खाऊन माजलीय."

आता मलम विकणं बंद करायलाच हवं, पण सासूबाईंना सांगणार कोण?

तेवढ्यात श्रद्धा हळूच म्हणाली, "अजून एखादी डबी मिळेल? चाचणीला आधी बुरशी जोमात वाढावी लागते, आमची फार रडतखडत वाढते."

"एखादी कशाला, सगळंच ने."

तेव्हापासून कोणी मलम मागितलं की मी त्याला डॉक्टरकडे धाडतो आणि सांगतो, सगळा माल लॅबला जातो. परवा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, लॅबमध्ये गुण येतो ना माझ्या मलमाचा?"

म्हटलं, "आई, ज्यांना लावतात, त्यांची तब्येत बघण्यासारखी झालीय."