पट्टी कोरडी आहे

अगं, गुडघा आमच्याकडे कुठाय आता? डब्यात घालून तुमच्याच कॉलेजात गेला ना तो — आणि तू बसनं धारला येऊन मलाच विचारतेस की गुडघ्याचं काय झालं! बस, बस, गंमत करतेय, मनावर घेऊ नको. पंख्याखाली बस. अनन्या ना तू? देवासची? माझा भाऊ पण देवासला, म्हणून तर ऑपरेशन तिथं केलं. डॉक्टर बोलले होते फोनवर — एक मुलगी येईल, लोकांचे बसवून परत काढलेले सांधे तपासते, त्यांच्यावर काय काय चिकटतं ते बघते, तिला पहिल्या पंधरा दिवसांचं सगळं सांगा. आता मी काय सांगणार, बेटा? मी नर्मदाबाई, ज्यांचा गुडघा त्यांची बायको, बस एवढीच माझी हुशारी. हे आत पडलेत. तू तात्या म्हण, सगळा गाव म्हणतो. नालछ्याला संस्कृत शिकवायचे शाळेत, अख्खी जिंदगी उभ्यानं शिकवलं, त्यातच गुडघे गेले. चहा घेशील? नको? बरं, थोड्या वेळानं घे.

ते मघाशी दारात सांगत होतीस ते परत सांग जरा. म्हणजे तो धातू आत बसवला की रक्तातलं जे काही असतं — प्रोटीन, हां — ते लगेच त्याच्यावर जाऊन बसतं? एका सेकंदात? डॉक्टरचा हात बाहेर यायच्या आधी? अगं बाई. आणि आधी लहान-सहान बसतात, मग मागून दांडगे येतात नि त्यांना उठवून आपण बसतात. समजलं, समजलं, अगदी समजलं. कन्नौदची गाडी स्टँडवर लागली की होतं ना तसं — खिडकीतून कोणी रुमाल टाकतो, मग कोणी पैलवान चढतो, रुमाल बाजूला करतो, बसतो, आणि वर खाली उभ्या असलेल्या आपल्या माणसांना हाका मारतो, या रे इकडे! तसंच ना? म्हणजे आधी कोण बसलं त्याच्यावर मागून कोण येणार ते ठरतं. आपल्याच पेशी आल्या तर झालं, संसार लागला. आणि जंतू आधी आले तर — काय म्हणालीस? छप्पर घालतात स्वतःवर? चिकट? नि मग औषध रक्तातून येतं ते वरच्यावर निघून जातं, आत शिरतच नाही. बघ म्हणजे. आणि धातू? तो काहीच करत नाही? नुसता असतो. जे होतं ते होऊ देतो. हं. मग त्या बिचाऱ्याचा काय दोष, आम्ही उगाच त्याला सहा महिने शिव्या दिल्या.

पाणी? नाही. पाणी नाही लागलं, लिही, नाही म्हणून. टाके निघेपर्यंत थेंब नको असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं, कागदावर लिहून दिलं — आम्ही काय अडाणी आहोत? ... अशी काय बघतेस? कातडीवरचे जंतू निघाले? म्हणजे विहिरीचे नाहीत? ... नाही, विहीर म्हणजे — अगं, मी आपलं बोलले. बरं, लिही, थोडं लागलं. थोडं म्हणजे — आता तुला मुळापासून सांगावं लागेल, नाहीतर तू भलतंच लिहिशील. नालछ्याच्या रस्त्यावर आमची देवी आहे. छोटंसं देऊळ, पण धारमधली आमची तीन घरं, भाऊबंदच सगळे, आणि नवरात्राचा मान आळीपाळीनं. म्हणजे तीन वर्षांनी एकदा आपलं वर्ष. त्या नऊ दिवसांत जो घटाशी उभा राहतो त्यानं रोज सकाळी विहिरीवर डोक्यावरून घागर घ्यायची आणि ओलेत्यानं गाभाऱ्यात जायचं — मतलब ओल्या धोतरानं, अंग पुसायचंसुद्धा नाही — आणि माळ, पूजा, आरती होईस्तोवर दीड तास तसंच उभं. मोडलं नाही कधी कोणी. ह्यांचे वडील ताप अंगात घेऊन उभे राहिले होते. आणि ऑपरेशन जूनमध्ये व्हायचं ते शुगर उतरेना म्हणून पुढे-पुढे गेलं, झालं पितृपक्षात. घटस्थापनेला मोजून नववा दिवस. टाके तसेच. आता तूच सांग, ह्यांच्यासारखा हट्टी माणूस ऐकणार होता का? नाही ऐकला. पुरुषांचं असंच असतं, बेटा, एकदा डोक्यात बसलं की बसलं.

मी आपल्याकडून केलं ना सगळं! असंच सोडलं का? दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, उभ्या फाडून, गुडघ्याला गुंडाळायची, वर-खाली चिकटपट्टी — रोज नवी पिशवी. आणि घागर घेताना म्हणायची, डावीकडे झुका, डावीकडे. पण पाणी ते पाणीच. वरून शिरायचं नि खाली उतरायला जागा नाही, पिशवीच्या आत साठून राहायचं. घरी आल्यावर मी सोडायची तेव्हा पट्टी पुरती भिजलेली. बोटं लावली की गार. मग मी ती काढून नवी बांधायची. हात धुऊन, हं! साबणानं दोन-दोनदा. ... हो, ह्याच हातांनी. कातडीवरचे म्हणालीस ना. ह्यांच्या कातडीवरचे की माझ्या, ते कळतं का गं तुमच्या यंत्रात? नाही कळत. बरं झालं.

चौथ्या माळेला पट्टीवर एक डाग दिसला. पिवळसर, एवढाच, चवलीएवढा. आणि त्याच दिवशी दुपारी देवासहून फोन आला डॉक्टरांचा. चांगला माणूस, स्वतःहून करायचा फोन. म्हणाले, ताई, पट्टी कोरडी आहे ना? हे समोर पलंगावर बसलेले, पाय लांब करून, माझ्याकडे बघताहेत. पट्टी माझ्या मांडीवर, नुकतीच काढलेली. आणि मी म्हटलं, हो डॉक्टरसाहेब, पट्टी कोरडी आहे. ... लिहू नको लगेच, ऐक तर. पाच दिवस राहिले होते फक्त. मी मनात म्हटलं दसरा झाला की उठून जाऊ, तोवर काय होतंय. मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या घरात, दाढ दुखली होती तेव्हाच्या, त्या दिल्या तीन दिवस. डाग गेला. खरंच गेला! मला किती बरं वाटलं, विचारू नको. दसऱ्यानंतर टाके काढायला गेलो तर वरून सगळं स्वच्छ, डॉक्टर म्हणाले, वा तात्या, काय छान भरलंय. वरून. वरून छान भरलं होतं, बेटा, आणि आत तुझे ते पैलवान छप्पर घालून बसले होते.

मग पौषात ताप. गुडघा एवढा लाल, हात लावू देईनात. माघात काढला. आता तिथं औषधाचा सिमेंटचा गोळा बसवलाय, आणि येत्या सोमवारी देवासला जायचंय — डॉक्टर ठरवणार, परत नवा गुडघा बसतोय की पाय सरळच करून टाकायचा, कायमचा. सळी घालून. मग वाकणारच नाही कधी. बसमध्ये बसता येणार नाही, शौचाला बसता येणार नाही धड, चौसष्टाव्या वर्षी माणूस खांबासारखा. मी डॉक्टरांना विचारलं, दसऱ्याच्या आतच आलो असतो तर? ते म्हणाले, तर उघडून धुतला असता, प्लास्टिकचा तुकडा बदलला असता, धातू बहुतेक राहिला असता. तेव्हा छप्पर कच्चं असतं. हे त्यांनी मला सहज सांगितलं. त्यांना काय माहीत. मी तिथं स्टुलावर बसले होते, म्हटलं, हो का.

तू पण विचारतेयस ते मला कळतं. डॉक्टरांना का नाही सांगितलं. अगं, सांगायचं काय — ह्यांचा हट्ट होता हे सांगायचं? ते तर सगळ्यांना माहीत आहे, हे स्वतःच सांगत सुटलेत सगळीकडे. मुलाला, विहंगला, फोनवर सांगितलं, ह्यांच्या भावाला, बळवंत भाऊजींना सांगितलं, नर्सबाईंना सांगितलं — माझीच खुमखुमी, आई-बाबा लहानपणी म्हणायचेच हा हट्टी आहे. आणि लोक हसतात, आणि हे पण हसतात. पण ते ... पाण्याचा ग्लास दे गं जरा. हां. ते खरं नाही. सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, पानं वाढली होती, बळवंत भाऊजी जेवायला होते, आणि हे त्यांना म्हणाले, बळवंत भिया, या वर्षी तू उभा राहा, माझ्याच्यानं नाही होणार. सरळ म्हणाले. हट्ट-बिट्ट काही नाही, एवढंसं तोंड करून म्हणाले. आणि भाऊजींनी नुसती मान हलवली, बरं म्हणाले. आणि मी स्वयंपाकघरातून भात घेऊन येत होते — मी म्हटलं, छान, म्हणजे आता आपलं वर्ष गेलंच समजा. आज गुडघा, पुढच्या खेपेला आणखी काही, विहंग तर येणारच नाही, मग भाऊजींचाच मुलगा शौर्य उभा राहील, आणि आपण रांगेत प्रसाद घेऊ. एवढंच म्हटलं. दुसरं काही नाही. भात वाढला. ह्यांनी पानाकडे बघितलं, आणि म्हणाले, राहू दे बळवंत, मीच करीन. झालं. त्या एका वाक्यापलीकडे मी काही बोलले नाही, शपथ घेते, आणि नंतर नऊही दिवस त्यांना थांबा म्हणून पण बोलले नाही. देवीची मालकी हवी होती मला. कशाला हवी होती, आता विचारलं तर सांगता येत नाही. विहंगला ते देऊळ कुठे आहे ते सुद्धा नीट आठवत नाही.

तू रडू नको गं, तू कशाला रडतेस. लिहिलंस सगळं? ठीक आहे. लिही. एकदा कुठे तरी लिहिलेलं असू दे. सोमवारी डॉक्टरांना पण सांगते, तुझ्यासमोर निघालं तोंडातून, आता त्यांच्यासमोर पण निघेल, काय होतंय. पाय तर परत येत नाही, पण निदान —

हे काय काढलंस? फॉर्म? दवाखान्यात ह्यांच्याकडून भरून घेतलेला? मग तेव्हाच वाचायचा ना. ... मराठीत लिहिलंय म्हणून? बोललेलं कळतं, पण लिहिलेलं, त्यात असं गिचमिड, लागत नाही तुला? आण इकडे, चष्मा कुठे गेला माझा — हां. ह्यांचंच अक्षर. सगळे रकाने हिंदीत आणि शेवटचाच तेवढा मराठीत, बघ. हेच वाचून हवं होतं होय तुला? थांब. 'जखमेस पाणी लागले. पत्नीने पहिल्या दिवसापासून पुष्कळ अडवले, हात जोडले, मी ऐकले नाही. डॉक्टरांस फोनवर खोटे सांगण्यास मीच तिला भाग पाडले. ह्यात तिचा...'

'ह्यात तिचा काही दोष नाही.'

... नाही. काही नाही. एवढंच आहे. खाली सही आहे आणि तारीख.

खोड ते. मघाशी लिहिलंस ते, माझं. खोड म्हणते ना मी. पूर्ण, वाचता येणार नाही असं. आणि हे उतरवून घे हिंदीत, मी हळूहळू वाचते — पत्नी ने बहुत रोका. लिहिलंस? हाथ जोड़े. लिही. आता मी त्यांना खोटं पाडू का, ह्या वयात, डॉक्टरांसमोर? सोमवारी मी काही बोलणार नाही. मला माहीत आहे मी बोलणार नाही.

झालं ना? मग जा आता, बेटा. साडेचारची गाडी मिळेल. फाटक नुसतं लोटून घे, कडी मी लावते.