अण्णांनी नापास केलेली डबी

आमच्या अण्णांना नवी वस्तू दाखवायची म्हणजे परीक्षाच! नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये त्यांनी आयुष्यभर छपाईत बिघडलेल्या नोटा वेचल्या. मशिनींच्या आवाजाने कान गेले, पण बोटं अजून तल्लख.

परवा मी हेडफोनचा आवाज वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. काडेपेटीएवढी डबी, पण हाताला चांगली जड. म्हटलं, "अण्णा, कसली दणकट आहे बघा!"

डोळे मिटून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, बटण हलवून पाहिलं, डबी तळहातावर तोलली. "वजन खोटं आहे. खोल."

खोलली, तर आत सर्किटच्या शेजारी नुसता वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा!

"नापास. परत कर."

मी स्क्रू आवळतोय, तेवढ्यात नांदगावहून ताईचा फोन आला. एरवी दोन वाक्यांत "रेंज नाही" म्हणून अण्णा फोन माझ्याकडे देतात. कान गेलेत हे कबूल कोण करणार? मी गुपचूप डबी फोनला जोडली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

ताई सवयीने ओरडली, "अण्णा, जेवलात का?"

"अगं, ओरडतेस कशाला?"

ताईने आवाज खाली आणला. मग दोघं अर्धा तास बोलत बसले.

फोन झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मग, करू ना परत?"

अण्णांनी डबी शांतपणे खिशात टाकली आणि जन्मात पहिल्यांदा कबूल केलं, "मला ऐकू येत नाही रे."