आईच्या गुडघ्यांसाठी टब

…आणि वर तोंड करून सांगतो काय, तर सगळं आईच्या गुडघ्यांसाठी! अहो, गुडघ्यांसाठी असतं तर माणूस गरम पाण्याची पिशवी आणतो, फार तर आईचा पलंग खालच्या मजल्यावर आणतो. हा शिरीष इथं हॉलंडात, हूफडॉर्पच्या एवढ्याशा मागच्या अंगणात दोन माणसांचा हॉट टब बसवायला निघाला. का? तर जवळच्याच उइटहॉर्न गावच्या नरेंद्रनं घरच्या गणपतीला बोलावलं आणि सगळ्यांना नवा सॉना दाखवला. घाम काढायची ती गरम खोली, लाकडाची, आत दिवा, दाराला काच. गणपती राहिला बाजूला, अख्खं मराठी मंडळ त्या सॉनापुढे रांगेत. रांगेत शिरीषही होता, मोदकाची बशी हातात घेऊन, आणि तिथंच त्याचं डोकं फिरलं.

आता नरेंद्रकडे सॉना आहे म्हणून मला टब हवा, असं बायकोला कोण सांगणार? पण ऑक्टोबरात आई आली पुण्याहून, तीन महिन्यांच्या व्हिसावर. लीलावतीबाई. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, अजूनही कुणाचा टेन्स चुकला की भुवई वर जाते. इकडचे जिने तुम्हाला माहितीच आहेत, जिना कसला, शिडीच ती. चौथ्या दिवशी बाई जिन्यात मध्येच टेकल्या आणि म्हणाल्या, "शिरीष, थंडीनं गुडघे धरले रे." बस, एवढंच बोलल्या. आणि ह्यानं ते वाक्य असं उचललं की लॉटरीच लागली म्हणा ना.

तुम्हाला सांगतो, ह्या माणसानं आईच्या गुडघ्यांची एक्सेल शीट केली. मॉडेलं अकरा. पाण्याचे फवारे मारणारे जेट किती, पाणी किती लिटर, झाकण किती जाड, बाहेर उणे पाच असताना पाणी अडतीसला राहील का… प्रत्येक रकान्याला मार्क. ऑफिसात सॉफ्टवेअरचं डिप्लॉयमेंट बोंबललेलं आणि हा आपला जेट मोजतोय. एक रकाना निळ्या दिव्यांचा. मीनल, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "गुडघ्यांना निळे दिवे कशाला?"

"तुला नाही कळायचं, अँबियन्स असतो."

"आणि कमरेएवढ्या उंच टबात आई चढणार कशा? त्याचा रकाना कुठाय?"

तो रकाना नव्हता. अकरा मॉडेलं, सत्तावीस रकाने, आणि ज्या गुडघ्यांसाठी चाललंय ते गुडघे वर चढणार कसे, हे कुठंच नाही. पण कुणी विचारलं की उत्तर तयार: सगळं आईच्या गुडघ्यांसाठी.

बरं, इकडे टब घ्यायच्या आधी दुकानात जाऊन त्यात बसून बघता येतं. खरंच सांगतो. वेळ घ्यायची, टॉवेल आणायचा, अर्धा तास पाण्यात बसायचं आणि मग ठरवायचं. आपण चप्पल घालून दोन पावलं चालून बघतो ना, तसं. शिरीषनं शनिवारी अकराची वेळ घेतली. आईला म्हणाला, "आई, गरम पाण्यात बसायचंय, तयार राहा."

आता तुम्हीच सांगा, गरम पाण्यात बसायचंय म्हटल्यावर आपल्याकडची बाई काय करेल? आधी तेल लावेल! कोरड्या अंगानं कुणी गरम पाण्यात जातं का? लीलावतीबाईंनी पुण्याहून आणलेली निर्गुडीच्या तेलाची बाटली काढली, कोमट केली आणि मांड्यांपासून घोट्यांपर्यंत असं चोपडलं, असं चोपडलं की विचारू नका. वर निळा पंजाबी ड्रेस. पोहायचा पोशाख त्यांनी बघितला, घडी घातली आणि मीनलला परत दिला. गाडीत वास सुटला होता. शिरीषनं काच खाली केली, पण त्याला वाटलं, बाम असेल.

दुकानात वाउटर नावाचा सेल्समन. सहा फूट चार इंच, पांढरा शर्ट. पडद्यामागे टब, पाणी स्वच्छ, निळे दिवे चालू. बाहेर एक डच जोडपं टॉवेल घेऊन पुढच्या नंबराला बसलेलं. मीनलनं हात धरून आईंना पायऱ्यांवरून आत उतरवलं. बाई बसल्या. डोळे मिटले. आणि म्हणाल्या, "आहाहा… शिरीष, फार बरं वाटतंय रे." हे वाक्य लक्षात ठेवा. आठवडाभरात त्या माउलीनं पहिल्यांदा बरं वाटतंय म्हटलं होतं.

आणि शिरीषनं जेट चालू केले.

तेल आणि चोवीस जेट! पाण्यावर आधी पिवळा तवंग, मग फेस, मग तो फेस टबाच्या काठावर येऊन बाहेर डोकावायला लागला. निर्गुडीचा वास पार बिलिंगच्या टेबलापर्यंत. ते जोडपं उठून उभं राहिलं. वाउटर धावत आला, टबात बघतो तर फेसातून एक आजीबाई, निळ्या ओढणीसकट, डोळे मिटून प्रसन्न बसलेल्या. त्यानं शिरीषला सरळ विचारलं, "इज धिस लेडी विथ यू?"

साधा प्रश्न. उत्तर एका शब्दाचं. पण शिरीषला तो फेस दिसला, ते जोडपं दिसलं, तरंगणारी ओढणी दिसली, आणि त्याच्या तोंडातून निघालं, "शी इज… अवर नेबर."

शेजारीण! जन्मदात्री, बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, चार फुटांवर बसलेली. मीनलनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो अजून ती नजर चुकवत फिरतोय. लीलावतीबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाल्या, "मीनल, हात दे गं, पुरे झालं."

परतताना गाडीत शिरीष मनाची समजूत घालत होता, जेटचा आवाज होता, ऐकलं नसेल. मग लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, त्यानं दुकानातला तोच टब घेतला. शीटमध्ये सगळ्यात जास्त मार्क होते आठव्या मॉडेलला, तरी घेतला हाच, कारण त्यात आईला बरं वाटलं होतं. निदान ह्या वेळी तरी खरंच आईच्या गुडघ्यांसाठी.

टब आला, बसला, दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळ फराळाला. नरेंद्र अंगणात फिरून निळे दिवे बघून आला, चेहरा थोडा उतरलेला. शिरीषनं आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण. छाती फुगवून म्हणाला, "मला कशाला हवेत असले शौक? सगळं आईच्या गुडघ्यांसाठी." नरेंद्र म्हणाला, "मग काकू, उद्घाटन तुम्हीच करा."

लीलावतीबाई चकली मोडत शांतपणे म्हणाल्या, "नको रे. शेजाऱ्यांच्या टबात बसणं बरं दिसत नाही."

मंडळाला वाटलं, बाई विनोदी आहेत. सगळे हसले. शिरीष चहा बघतो म्हणून आत गेला आणि स्वयंपाकघरात गॅसकडे तोंड करून उभा राहिला. गॅस पेटवलेलाही नव्हता. माणसाला स्वतःची किती लाज वाटू शकते ते त्याला तिथं कळलं.

संध्याकाळी आईपुढे जाऊन बसला. म्हणाला, "आई, चुकलो." त्या म्हणाल्या, "कळलं. बाटली घे आणि तेल लाव." तेव्हापासून रोज ऑफिसातून आला की टाय सोडायचा, जमिनीवर बसायचं, अर्धा तास गुडघे चोळायचे. आणि टब? तो अडतीसला तापून बसलेला. तर बाईंनी पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या डच रीतबाईंना कुंपणावरून बोलावलं, त्यांचेही गुडघे धरलेले. आता रोज साडेसहाला रीतबाई टबात. आणि आई खिडकीतून, "शिरीष, शेजारणीला नीट हात धरून उतरव."

परवा वाउटर आला, फिल्टर तपासायला. टबात रीतबाई. शिरीष म्हणाला, "ही आमची शेजारीण." वाउटर म्हणाला, "आणखी एक?" आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीत आई, हातात तेलाची बाटली.

शिरीषचे कान लाल. म्हणाला, "नाही. ती माझी आई."

"मग दुकानात शेजारीण का म्हणालास?"

तुम्हाला सांगतो, डच माणूस एकदा प्रश्न विचारला की उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. रीतबाई बघतायत, खिडकीतून आई बघतेय.

"लाज वाटली होती," शिरीष म्हणाला. "आता त्याची वाटते."

"ओके," म्हणाला वाउटर, आणि फॉर्मवर लिहिलं, फिल्टर साफ.

आईनं खिडकीतून हाक मारली, "ये आता, तेल निवतंय." गेला बिचारा आत. गुडघे म्हणाल तर आता बरेच बरे आहेत. टबाचा काही संबंध नाही.