गावचा क्वार्टरबॅक

ग्रीन बेच्या गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल बदलून होईपर्यंत म्हातारी लॉरेन बाकावर बसली होती. शेजारी एक सासू-जावई संध्याकाळच्या घरगुती लिलावाचं बोलत होते. प्रत्येकाने खोट्या दोनशे डॉलरांत बोली लावून खरे फुटबॉलपटू घ्यायचे आणि कागदावर संघ बांधायचा; ते मैदानात खेळतील तसे गुण मिळणार. लॉरेनने साठ वर्षं बर्फात बसून गावच्या संघाचे सामने पाहिलेले; चेंडू फेकून खेळ चालवणारा क्वार्टरबॅक म्हणजे अख्ख्या गावाचा लाडका. तिचे कान तिकडे वळलेच.

“आई, बोलीसाठी पहिलं नाव कुणाचं पुकारणार?”

“आपल्या क्वार्टरबॅकचं.”

“तो हवाय तुम्हाला?”

“मुळीच नको. पण त्याचं नाव निघालं की या गावात कुणाला गप्प बसवतं का? माझी तिन्ही पोरं ईर्ष्येने खिसे रिकामे करतील. मग बाकीचे चांगले मी स्वस्तात उचलीन.”

“गेल्या वर्षीही हेच ठरलं होतं.”

“ठरलं होतं.”

“मग एकशे दहाला त्याला घेतलं कुणी?”

“तुझी ती शिकागोची मेहुणी म्हणाली, त्याचे गुडघे गेलेत. ऐकून घ्यायचं, डेल?”

“मेहुणी कसली, तुमची सून! आणि तुमचा संघ शेवटचा आला. शिक्षा म्हणून आपल्या हाडवैऱ्यांची, शिकागोच्या संघाची टोपी घालून चर्चला जावं लागलं.”

“यंदा तोंडातून शब्द काढणार नाही.”

“आणि ती पुन्हा तेच म्हणाली तर?”

“माझ्या घरात? माझ्या टेबलाशी बसून?”

“हो.”

सासूबाई ताठ बसल्या.

“टोपी मी धुऊनच ठेवलीय.”