लग्नपत्रिकांची फुलं

जावेवर जळणं म्हणजे काय, ते मला विचारा. माझी थोरली जाऊ कमल, पिंपळीत शेजारच्याच घरात राहायची. तिच्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं बारामतीहून फुगे अन् चकचकीत झिरमिळ्या आणल्या. पुढं कितीतरी दिवस बायका तेच बोलत होत्या. मला घास गोड लागंना.

मग माझ्या पिंकीचा वाढदिवस आला. आमचे मालक म्हणाले, "विकतचं काय आणायचं न्हाय."

मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. गणपतीची चित्रं तेवढी देवघरात ठेवली अन् बाकीच्याची फुलं कापली. कणकेच्या खळीनं दोऱ्याला चिकटवून भिंतभर लाल-सोनेरी माळा सोडल्या.

बायका आल्या अन् दारातच थबकल्या. सासूबाईंनी सगळं वरपासनं खालपर्यंत बघितलं अन् म्हणाल्या, "कमलनं केलं असंल. तिच्या हातात कलाच हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या कमलकडं बघायला लागल्या. तिला नुसतं हसून गप बसता आलं असतं.

पण ती म्हणाली, "मी न्हाय, आत्याबाई. धाकटीनं केलंय. आल्यापासनं बघतीय, अन् माझा जीव जळतोय नुसता."

कमल माझ्याजवळ सरकली अन् हळूच म्हणाली, "मला शिकवशील का?"

इतकं खरं बोलणाऱ्या बाईवर जळायचं तरी कसं, सांगा. तरी मी म्हणलं, "बघू."