करवलीचा टी-शर्ट

सरस्वती : अगो, सुरी नको लावूस! इस्त्रीच्या तलाला वरखडे पडतील, मग कापडं फाटतील.

शर्मिला : मग काय करू, आई? संध्याकाळी रूपेशची हळद आणि इस्त्रीला हे सोनेरी प्लास्टिक चिकटून बसलंय. वास बघ कसला सुटलाय!

सरस्वती : बटन चालू कर. जराशी कोमट होऊ दे... बस. आता पिन काढ. हा लाकडी कालथा घे नि हलक्या हातान ढकल.

शर्मिला : निघतंय थोडं थोडं.

सरस्वती : कोनाचा टी-शर्ट जलला?

शर्मिला : मनस्वीचा. 'नवऱ्याची करवली' छापलेला. आता नुसतं 'नवऱ्याची' राहिलंय. घालू दे तेवढंच!

सरस्वती : हसतेस काय? हलदीचे वीस टी-शर्ट. एकोनीस तू उलटे करून इस्त्री केलेस, मी बघत होते. हाच कसा सुलटा?

शर्मिला : चुकून.

सरस्वती : शर्मिला...

शर्मिला : नाय चुकून! बास? जळते मी तिच्यावर. काकाची पोरगी, वर्षातून एकदा राखी बांधायला सारसोळ्यात येते. आणि मांडवात पाण्याचा करा घेऊन रूपेशमागे ती उभी राहणार! तू पहाटे मच्छीला जायचीस, तेव्हा त्याला आंघोळ कोण घालायचं? डबा कोण भरायचं? नववीत शाळा सोडली मी त्याच्यासाठी. लग्न होऊन तळोज्याला गेले म्हणून बहीण नाय राहिले का?

सरस्वती : मीठ आन. पेपरवर पसर नि इस्त्री गरम करून त्याच्यावर फिरव.

शर्मिला : मी काय बोलते, तू काय बोलतेस! त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाय गं. सरळ तिला निवडलं.

सरस्वती : त्यानं नाय निवडलं. मी निवडलं.

शर्मिला : तू? का?

सरस्वती : फिरवत राहा, थांबू नको.

शर्मिला : आई, का?

सरस्वती : बारीक असताना त्याला ताप आला की मी मच्छीची टोपली तशीच टाकून धावत यायची. नि तो तुझ्या गल्यात पडून 'ताय, ताय' करायचा. मना बघून तोंड फिरवायचा. पहिल्या पगाराची साडी कोनाला आनली त्यानं?

शर्मिला : ...मला.

सरस्वती : मना दुसऱ्या महिन्याला आनली. अजून घडी मोडली नाय मी तिची.

शर्मिला : आई गं...

सरस्वती : पोटच्या पोरीवर जलते मी. आता तोंडान बोलले, बरा वाटला. तू करवली झाली असतीस तर सगले तुलाच बघून म्हनले असते, हिनंच वाढवला पोराला. खोटा नाय ते. पन एक दिवस मना त्याच्या बाजूला उभा राहायचा होता. तू मधी नसताना.

शर्मिला : सांगायचंस ना मला.

सरस्वती : काय सांगू? पोरी, जरा सरक?

शर्मिला : मीठ काळं झालं बघ.

सरस्वती : झटकून टाक. ओल्या फडक्यान पूस, इस्त्री निवली की. मग जुन्या कापडावर फिरवून बघ.

शर्मिला : झाली साफ. मस्त सरकते आता.

सरस्वती : मनस्वीला काय सांगशील?

शर्मिला : खरं काय ते सांगेन. शिव्या घालेल, घालू दे. माझा टी-शर्ट देते तिला. 'नवऱ्याची बहीण' छापलंय, तीपण बहीणच ना त्याची.

रूपेश (दारातून) : ताय, फोटोवाला आला पण! माझा कुर्ता पटकन कर ना. तूच कर हां, बाकी कोणाला नाय जमत.

शर्मिला : माझा हात भाजलाय रे. आईकडे दे.